शस्त्रक्रियेनंतरचे पहिले पाऊल



बायपास शस्त्रक्रिया यशस्वी होऊन घरातील कर्ता पुरुष सुखरूप परतला की सर्वांच्याच मनावरचा भार उतरतो. मग सुरू होते ती काळजी. "बाबा, तुम्ही उठू नका", "पाणी जागेवर आणून देते", "जिना तर मुळीच चढायचा नाही". या शब्दांमागे निर्व्याज प्रेम असते. परंतु हेच प्रेम महिनोन् महिने चालू राहिले, तर शल्यविशारदाने परत मिळवून दिलेले बळ घरच्या खाटेवर हळूहळू क्षीण होत जाते.

यासाठी बायपासने नेमके काय साधते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबली असता पायातील शीर किंवा छातीच्या आतील रोहिणी जोडून रक्ताला वळणाचा नवा मार्ग करून दिला जातो. १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून ही पद्धत रूढ केली. भारतात १९७५ साली मद्रासमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. नवा मार्ग तयार होतो, पण ज्या विकाराने जुना मार्ग बंद केला तो विकार शरीरातच राहतो. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि बैठी जीवनपद्धती यांना आवर घातला नाही, तर नव्या मार्गाचीही तीच गत होऊ शकते.

हृदयरुग्णाने निपचित पडून राहावे, ही समजूत एकेकाळी वैद्यकशास्त्राचीही होती. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कित्येक आठवडे अंथरुणावर ठेवण्याची प्रथा होती. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लॉन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवले, तेव्हा अनेकांना तो अविचार वाटला. अनुभव मात्र उलट आला. अंथरुणावर पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसांत कफ साठतो आणि स्नायू झिजतात, हे पुढे सर्वमान्य झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ८५ चाचण्यांमधील २३,४३० हृदयरुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांत बायपास झालेलेही होते. व्यायामाधिष्ठित पुनर्वसन घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले.

याचे कारण सोपे आहे. नियमित चालण्याने स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात. परिणामी तेच काम करताना हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी वाढतात. हृदयावरील ताण हलका होतो.

मात्र व्यायाम हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. रुग्णालयातच प्रारंभ होतो: खोल श्वसन, छातीशी उशी धरून खोकणे, खुर्चीत बसणे, मग व्हरांड्यातून चालणे आणि घरी जाण्यापूर्वी काही पायऱ्या चढून पाहणे. घरी आल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे सपाट जागी चालावे. ही वेळ हळूहळू वाढवत आठवड्यातील बहुतेक दिवस अर्ध्या तासापर्यंत न्यावी. आरंभी आणि शेवटी काही मिनिटे गती मंद ठेवावी. गती किती असावी? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी. ठोके मंदावणारी औषधे चालू असतात, म्हणून केवळ नाडीवर विसंबता येत नाही. छातीत दुखले, भोवळ आली, ठोके अनियमित वाटले किंवा दम आवरेना, तर तत्काळ थांबून वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

नित्य व्यायामाची सवय असलेल्यांनी आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड कापून तारेने जोडलेले असते आणि ते सांधण्यास दोन ते तीन महिने लागतात. तोवर पाण्याची भरलेली बादली उचलणे, हातांवर भार देऊन जमिनीवरून उठणे, दंड काढणे आणि सूर्यनमस्कार घालणे वर्ज्य. पुढेही डॉक्टरांच्या अनुमतीनेच आरंभ करावा. श्वास रोखून जोर लावणे तर टाळावेच. योगासनांविषयी श्रद्धा असावी, तशीच सत्यनिष्ठाही असावी. झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातील २४ केंद्रांत योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. रुग्णांना आपले स्वास्थ्य सुधारल्याचे जाणवले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. मृत्यू व पुन्हा येणारे झटके निश्चितपणे घटल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. म्हणून योगाभ्यास औषधांच्या सोबत असावा, औषधांच्या जागी नव्हे.

भगिनींचा प्रश्न याहून बिकट आहे. पुरुषाला उठू दिले जात नाही. गृहिणी मात्र टाके पुरते सुकण्याआधीच कणीक मळू लागते, कुकर उचलू लागते. आणि घरात एवढे काम होतेच, म्हणून तिला फिरायला कोणी नेत नाही. कामाचा शीण म्हणजे व्यायाम नव्हे. तिला आधी कामातून विश्रांती हवी आणि मग मोजून-मापून चालण्यासाठी हक्काचा वेळ हवा.

अनेक गावांत पुनर्वसन केंद्र नाही. तेथे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून व्यायामाची मात्रा लिहून घ्यावी आणि घरी तिची रोज नोंद ठेवावी. राहता राहिला प्रश्न धीराचा. शस्त्रक्रियेनंतर अनेकांना उदासी घेरते. पुन्हा काही होईल या भयाने पाऊल उचलत नाही. हे भय उपदेशाने जात नाही, सोबतीने जाते. आपल्या वस्तीत असा एखादा रुग्ण असेल, तर केवळ फळे घेऊन भेटीस जाऊ नये. सकाळी त्याच्या दारी जावे, त्याला चपला घालायला सांगावे आणि त्याच्या गतीने त्याच्यासोबत चालावे. समाजकार्याचा याहून सोपा आणि याहून उपयुक्त प्रकार क्वचितच सापडेल.