नवा गुडघा आणि घरातली निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरांचे काम मी काय सांगणार! पण इस्पितळातून रोगी घरी येतो तो आपल्याच हाती, म्हणून चार शब्द बोलते.

सन २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचा गुडघा मुंबईस ब्रीच कँडी इस्पितळात बदलला, तेव्हा केवढे नवल वाटले होते! आता आपल्या मंद्रूपच्या बायकाही सोलापुरास जाऊन गुडघे बदलून येतात.

नवा गुडघा धातूचा व प्लॅस्टिकचा. त्यात रक्त खेळत नाही. जंतू एकदा त्याला चिकटले की भोवती चिकट थर करून बसतात, औषधाला दाद देत नाहीत. मग पुन्हा चिरफाड, प्रसंगी बसवलेला गुडघाच काढावा लागतो. शंभरात एखाद-दुसऱ्यालाच असे होते; पण ज्या घरी होते त्या घराने काय करावे?

इंग्लंडात जॉन चार्नले या डॉक्टरांनी १९६० नंतर खुब्याचे सांधे बदलताना खोलीतली हवासुद्धा गाळून घेतली, तेव्हा पू होण्याचे प्रमाण पुष्कळ उतरले. ते हवा गाळतात, आणि आपण टाक्यांवर हळद दाबतो! हळद, तेल, राख, पाल्याचा लेप, काही लावू नये. हात साबणाने धुतल्यावाचून पट्टीला शिवू नये. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या वेळी जी ती पट्टी उचलून पाहायला आलेली. मी दारातच सांगे, "चहा घ्या, गुडघा दिसणार नाही." काहीजणी रागावल्या. रागावोत बापड्या.

मधुमेह असेल त्यांनी साखर आधीपासून ताब्यात ठेवावी. किडके दात शस्त्रक्रियेपूर्वीच दाखवावेत.

आणि हे थोड्यांनाच ठाऊक असते: टाके सुकून वर्षे लोटली तरी जंतू रक्तावाटे दुरून येऊ शकतात. ज्वारीच्या रानात टाचेच्या भेगा चिघळल्या, काटा मोडून पिकला, दाताच्या मुळाशी पू झाला, लघवीला जळजळू लागले, तर अंगावर काढू नये. कोणत्याही डॉक्टरांना आधी सांगावे, "माझा गुडघा बदललेला आहे."

गुडघा लाल व गरम झाला, दुखणे वाढले, टाक्यांतून पाणी आले, ताप भरला, तर दुकानातून गोळ्या आणून खाऊ नयेत. त्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि तपासणीत सापडेनासे होतात. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच जावे, आणि त्याच दिवशी. ज्वारीची काढणी चालू असली तरी!