गाठीच्या पुढचा धंदा

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यात माजलगाव, वडवणी, गेवराईकडे जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. रेच्यावर सरकी वेगळी होते, पांढरीशुभ्र रुई पुढे सरकते आणि प्रेसमध्ये दाबून 170 किलोची गाठ बांधली जाते. एका गाठीला साधारण 5 क्विंटल कापूस लागतो. सरकीचं तेल निघतं, पेंड जनावरांपुढे जाते. रुई मात्र बहुतांशी जिल्ह्याबाहेर जाते. सूत, कापड, शिलाई यांची कमाईही तिच्यामागे जाते.

राज्याच्या 2023 ते 2028 च्या वस्त्रोद्योग धोरणात कापसावरची प्रक्रिया 30 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट आहे. बीडला त्याची निकड जास्तच. दसरा झाला की इथली हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, मुलांची शाळा बुडते. त्यांना गावातच काम हवं, आणि शिलाई ते देऊ शकते. सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या जोडीला गणवेश शिवण्याचा धंदा उभा राहिलाच ना! कपडे शिवायला रंगाई-धुलाईइतकं पाणी लागत नाही, दुष्काळी तालुक्यांना हे फार मोलाचं. शिरूर कासार, पाटोदा, धारूरच्या डोंगरपट्ट्यात शिलाईची युनिटं आधी यावीत. सोबत पाळणाघर, अखंड वीज आणि बारमाही ऑर्डरी हव्यात.