पोच



मळमड्डीतील या वाचनालयात मराठीचा प्राध्यापक बोलायला उभा राहिला, की विषय एखादा कवी किंवा कादंबरीकार असणार, असे आपण धरून चालता. मी मात्र आज महाजालावर चढवताना वाटेत हरवलेल्या छायाचित्रांविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष आहे खरा. पण आपल्या कपाटातील जुन्या अंकांचे पुढे काय होणार, हे बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

का. र. मित्रांचे ‘मासिक मनोरंजन’ १८९५ साली निघाले. मराठीतील पहिला दिवाळी अंक त्याचाच, १९०९ चा. त्या काळच्या लाकडी लगद्याच्या कागदात आम्ल असते. त्यामुळे आपल्याकडील अंकांची पाने तपकिरी पडून ठिसूळ झाली आहेत. असे पान छायाचित्रासाठी एकदा उघडता येते. दुसऱ्यांदा उघडणे म्हणजे जुगारच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका अंकाची छायाचित्रे रात्रभरात आपोआप चढवणारी एक आज्ञावली लावून घरी गेलो. सकाळी पडद्यावर ‘काम पूर्ण’ अशी अक्षरे होती. पुढच्या अंकासाठी जागा हवी म्हणून कॅमेऱ्याचे कार्ड पुसून टाकले. नंतर पाने लावून पाहतो, तो तीन पाने गायब! रात्री वीज जाऊन आली होती. आज्ञावलीने पाठवलेली पाने मोजली होती, पोहोचलेली नव्हेत. चूक आमचीच, तिला पोच घ्यायला आम्ही सांगितलेच नव्हते.

पूर्वी रजिस्टर पत्राबरोबर पोचेचे कार्ड जोडलेले असे. सही होऊन ते परत आले, की पत्राची काळजी मिटे. येथेही तेच तत्त्व आहे, फक्त एक पेच अधिक. कधी छायाचित्र पोहोचते आणि पोचच वाटेत हरवते. मग आज्ञावली ते पुन्हा धाडते आणि एकाच पानाच्या दोन प्रती होतात. म्हणून सही नव्हे, ठसा पाहावा लागतो. प्रत्येक फाइलीवरून गणिताने एक लांब खूण काढता येते. ‘एसएचए-१’ पद्धतीत ती चाळीस अक्षर-अंकांची असते. फाइलीत एक कण बदलला तरी सगळी खूण बदलते. इंटरनेट अर्काइव्ह आपल्याकडील प्रत्येक फाइलीचा ठसा उघड दाखवते. तीच फाइल आधीपासून असेल, तर विकिमीडिया कॉमन्स तसे सांगते. दोन्हीकडचे ठसे जुळले तर पान पोहोचले. न जुळले तरच पुन्हा पाठवायचे.

पुन्हा पाठवण्यालाही रीत आहे. पलीकडचे यंत्र ‘गर्दी आहे, सावकाश’ म्हणत असताना दर क्षणाला दार ठोठावले तर गर्दी वाढतेच. आधी एक मिनिट थांबावे, मग दोन, मग चार, आणि ठरावीक खेपांनंतर माणसाला कळवून गप्प बसावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला. पुढे वाचन सुरू झाले तरी नवी भर स्वीकारणे काही काळ बंदच होते. तेव्हा कितीही खेपा घातल्या असत्या तरी व्यर्थ. उपयोगी पडली असती ती उरलेल्या पानांची यादी.

काही नकार मात्र कायमचेच असतात. फाइल मर्यादेबाहेर मोठी असेल, नाव नियमात बसत नसेल, तर शंभर वेळा धाडूनही उत्तर तेच. किंवा हक्काचा प्रश्न असेल. धारवाडातच अध्यापन केलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या कथा आपण जगाला खुल्या कराव्यात, असे कोणालाही वाटेल. पण त्यांचे निधन १९८७ चे. कायद्याने लेखकाच्या पश्चात साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे २०४७ अखेरपर्यंत हात लावायचा नाही. हा निर्णय यंत्रावर सोपवू नये.

आता आम्ही देवघेवीच्या नोंदवहीसारखीच एक वही ठेवली आहे. पुस्तक परत आल्याशिवाय त्याची ओळ आपण खोडत नाही. तसेच येथे पानागणिक एक ओळ: पाठवले, पोच आली, नाकारले, आणि नाकारले तर कारण काय. सगळ्या ओळींना पोच मिळेपर्यंत कार्ड पुसत नाही. त्यानंतरही कोणीतरी डोळ्यांनी पाने चाळतो, कारण मूळ छायाचित्रच अस्पष्ट असेल तर ठसा बिनदिक्कत जुळतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने लाखो पुस्तकांच्या प्रती काढल्या, मोठेच काम ते. पण ऐन रंगात आलेल्या प्रकरणात पान नाही, असा अनुभव ती वाचणाऱ्या पुष्कळांना आला असेल.

हरवलेल्या तीन पानांपैकी दोन पुन्हा टिपता आली. तिसऱ्याचा खालचा कोपरा उघडताना तुटून चुरा झाला आणि शेवटच्या चार ओळी गेल्या. वहीतील ती ओळ अजून उघडी आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत ‘मनोरंजना’चे जुने अंक असतील, तर ग्रंथपालांना कळवावे. अंक घरातून हलवण्याचीही गरज नाही. कॅमेरा घेऊन आम्हीच येऊ.