संगणक अडतो तेव्हा मेमो कोणाला?
(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वेतन आणि पेन्शनवर बोलणारे जाणकार वक्ते येथे बसले आहेत. मी संगणकावर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकावर थोडे हसू झाले, ते मी ऐकले. पण हा विषय उद्या आपल्यापैकी कोणाच्याही टेबलावर मेमो होऊन येऊ शकतो.

विंडोज १० साठी कंपनीने दिलेली नेहमीची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे ठिकठिकाणी जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढवण्यात आले. एका कार्यालयात हे काम रात्री उरकले. सकाळी काउंटरवरच्या आपल्या भगिनीने बटण दाबले. पडद्यावर कंपनीची खूण आली, खाली ठिपक्यांचे चक्र फिरले आणि थोड्या वेळाने तेही थांबले. बाहेर रांग वाढत होती. तिने यंत्र बंद करून पुन्हा लावले, असे तीनदा केले. दुपारी तिला मेमो मिळाला : आपल्या निष्काळजी हाताळणीमुळे यंत्र नादुरुस्त झाले, खुलासा करावा.

कॅरेज-वॅगनमधल्या साथींना ब्रेक बाइंडिंग माहीत आहे. गाडी ओढत नाही म्हणून कोणी लगेच ड्रायव्हरला दोष देत नाही. कोणत्या डब्याचा ब्रेक धरला आहे ते पाहायचे, तो डबा आयसोलेट करायचा आणि गाडी पुढे काढायची. संगणकाचेही तसेच आहे.

आधी पाहायचे, तो अडला कुठे. ठिपके येण्यापूर्वीच, नुसत्या बनवणाऱ्याच्या खुणेवर अडला, तर बहुधा यंत्राच्या आतले काही किंवा बाहेरून जोडलेली एखादी वस्तू नडते आहे. ठिपके येऊन मग अडला, तर विंडोज उठू लागले होते आणि एखाद्या ड्रायव्हरने त्याला धरले, असा संशय घ्यावा. (हा ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, स्कॅनर वगैरे चालवणारा छोटा प्रोग्राम. आपला माणूस नव्हे!)

डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर थांबा. मोठ्या बदलानंतरच्या पहिल्या सुरुवातीला पुष्कळ वेळ लागतो, आणि मध्येच वीज तोडली तर चांगले यंत्रही बिघडते. म्हणजे त्या मेमोतले म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते, हे आपणही मान्य केले पाहिजे. पण रात्री यंत्र बदलले, थांबावे लागेल, हे तिला सांगितले कोणी?

बराच वेळ काहीच हालचाल नसेल तर बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावे. मग कीबोर्ड, माउस आणि पडदा सोडून बाकी सर्व वायरी काढाव्यात आणि पुन्हा लावून पाहावे. तरीही अडले, तर सुरुवात दोन-तीनदा अर्धवट तुटल्यावर विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग चार नंबर : याला सेफ मोड म्हणतात. सेफ मोडमध्ये यंत्र उठले तर बहुतेक दोष ड्रायव्हरचा किंवा एखाद्या जादा प्रोग्रामचा. तो काढता येतो. जुन्या विंडोजवर परतही जाता येते, मात्र साधारण दहा दिवसांच्या आत. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती कोणाकडे आहे हे बदलापूर्वीच विचारून ठेवा. आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असे जेथे लिहिले आहे तेथे लेखी हुकुमाशिवाय बोट लावू नका. सगळी माहिती पुसली जाते.

कार्यालयाच्या यंत्रावर वायरी काढण्यापुढचे काम सिस्टीमवाल्याचे आहे, आपले नाही. पण काय विचारायचे ते आपल्याला कळले पाहिजे.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणे. हजारो ठिकाणी माणसांना हे यंत्रायंत्रापाशी बसून करावे लागले. ते बटण दाबणाऱ्या एकाही कारकुनाचा त्यात दोष नव्हता.

आता त्या भगिनीचे सांगतो. तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. त्याने जुना स्कॅनर यूएसबीमधून काढला आणि यंत्र काही मिनिटांत सुरू झाले. स्कॅनरचा जुना ड्रायव्हर नव्या विंडोजला जमत नव्हता. आम्ही त्याच्याकडून एवढेच दोन ओळींत लिहून घेतले आणि खुलाशाला जोडले. मेमो दप्तरी दाखल झाला.

ते दोन ओळींचे लिखाण मिळाले नसते तर काय झाले असते, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. म्हणून शाखांना विनंती : प्रत्येक काउंटरवर साधी वही ठेवा. यंत्र किती वाजता लावले, कुठे अडले, पडद्यावर काय होते, कोणाला किती वाजता कळवले आणि आदल्या दिवशी यंत्रात कोणी काय बदलले, हे त्याच वेळी लिहा आणि पर्यवेक्षकाची सही घ्या. सही नाकारली तर तेही लिहा. वहीचा नमुना बाहेर टेबलावर ठेवला आहे, जाताना घेऊन जा.