दार ठोठावायचा हक्क कुणाचा?

पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे बोललो तेच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. युरोपात न्यायाधीशांची एक संघटना आहे: असोसिएशन ऑफ युरोपियन ॲडमिनिस्ट्रेटिव्ह जजेस, म्हणजे प्रशासकीय न्यायाधीशांची युरोपीय संघटना. २००० साली जर्मनीतल्या ट्रियर शहरात ती स्थापन झाली. ट्रियर म्हणजे कार्ल मार्क्सचं जन्मगाव. देशोदेशीच्या प्रशासकीय न्यायाधीशांच्या संघटना तिच्या सदस्य आहेत. आश्रय आणि स्थलांतर, पर्यावरण, कर अशा विषयांवर तिचे कार्यगट चालतात.

आता प्रशासकीय न्यायाधीश म्हणजे कोण? आपल्याकडे एमपीएससी करणाऱ्या कुणालाही विचारा, 'मॅट' म्हणजे काय ते तो झोपेतही सांगेल. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. भरती, बढती, बदली, सरकारी नोकरीतली कसलीही तक्रार असली की माणूस मॅटमध्ये जातो. आपल्याकडे ही व्यवस्था मुख्यतः सरकारी नोकरांपुरती आहे. जर्मनी, फ्रान्स, पोलंडमध्ये मात्र सामान्य नागरिक आणि सरकार यांच्यातल्या भांडणांसाठी वेगळी न्यायालयंच आहेत. बांधकामाचा परवाना नाकारला, निर्वासिताचा अर्ज फेटाळला, कारखान्याला चुकीची परवानगी दिली, की प्रकरण तिथे जातं.

या न्यायाधीशाची अडचण लक्षात घ्या. दोन शेजाऱ्यांच्या बांधाच्या भांडणात न्यायाधीशाला दोघांचंही काही देणंघेणं नसतं. इथे मात्र जवळजवळ प्रत्येक खटल्यात एक पक्ष सरकार असतो. पगार सरकारच्या तिजोरीतून, नेमणुकीत सरकारचा हात, आणि निकाल द्यायचा सरकारच्या विरोधात! बरं, न्यायाधीशाने स्वतःच्या बाजूने जाहीरपणे बोलणं शोभत नाही. मग बोलणार कोण? म्हणून संघटना.

तुर्कस्तानात याची गरज किती असते ते दिसलं. १५ जुलै २०१६ च्या रात्री तिथे लष्करी उठावाचा प्रयत्न झाला. दुसऱ्याच दिवशी २,७४५ न्यायाधीश आणि सरकारी वकील निलंबित झाले. विचार करा, एका दिवसात २,७४५ माणसांची चौकशी होते का? यादी आधीच तयार असल्याशिवाय हे शक्य नाही, असं मला वाटतं. 'यारसाव' ही तिथली न्यायाधीशांची स्वतंत्र संघटनाही त्याच महिन्यात आणीबाणीच्या हुकुमाने बंद केली गेली. तिचे अध्यक्ष मुरात अर्सलान यांना ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने वाक्लाव हावेल मानवाधिकार पुरस्कार दिला. तो घ्यायला ते जाऊ शकले नाहीत, कारण ते तुरुंगात होते. पुढे २०१९ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

तुर्की न्यायाधीशांसाठी युरोपातल्या चार संघटनांनी मिळून एक व्यासपीठ उभं केलं. आपली ट्रियरची संघटना त्यातली एक. आणि याच चार संघटना २०२२ मध्ये स्वतः वादी म्हणून कोर्टात गेल्या. आजची खरी गोष्ट ती.

पोलंडमध्ये तेव्हाच्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात एक शिस्तपालन कक्ष काढला होता. न पटणाऱ्या न्यायाधीशांवर तो कारवाई करायचा. वॉर्साचे न्यायाधीश इगोर तुलेया यांना त्याने नोव्हेंबर २०२० मध्ये निलंबित केलं. जुलै २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं, की या कक्षाची व्यवस्था युरोपीय कायद्यात बसत नाही. कक्षाचं काम थांबवण्याचा अंतरिम आदेश मानला नाही म्हणून पुढे पोलंडला रोज दहा लाख युरोचा दंडही ठोठावला.

दुसरीकडे कोविडनंतरच्या मदतनिधीतून पोलंडला ३५.४ अब्ज युरो मिळायचे होते. जून २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेने पोलंडची योजना मंजूर केली आणि काही अटी घातल्या. त्यातली एक अशी, की निलंबित न्यायाधीशांना नव्या कक्षापुढे फेरसुनावणीची संधी द्यावी. ऐकायला बरं वाटतं. पण चारही संघटनांचं म्हणणं होतं, की कक्षच बेकायदा ठरलाय तर फेरसुनावणी कसली? त्यांना थेट कामावर घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी परिषदेच्या निर्णयाविरुद्ध लक्झेंबर्गच्या जनरल कोर्टात दावा लावला.

४ जून २०२४ ला निर्णय आला: दावा दाखल करून घेण्याजोगाच नाही. म्हणजे हरले असंही नाही, मूळ मुद्दा ऐकलाच गेला नाही. वेबसाइटवर कधीकधी '४०३' येतं ना, तसं. पान आहे की नाही, बरोबर आहे की चूक, हा प्रश्नच नाही. तुम्हाला परवानगी नाही, संपलं. कोर्टाचा तर्क असा: त्या अटी म्हणजे पैसे केव्हा सोडायचे याच्या अटी आहेत. न्यायाधीशांच्या कायदेशीर स्थितीवर त्यांचा थेट परिणाम होत नाही, ती पोलंडच्या कायद्यानेच ठरते. सदस्यांना हक्क नाही, म्हणून संघटनेलाही नाही.

गंमत बघा. 'तुम्हाला दावा लावायचा अधिकार आहे का?' हा प्रश्न प्रशासकीय न्यायाधीश रोज लोकांना विचारतात. या वेळी तो त्यांनाच विचारला गेला.

इथे मला आपला १९८१ चा एस. पी. गुप्ता खटला आठवतो. केंद्रीय कायदामंत्र्यांनी अतिरिक्त न्यायाधीशांच्या बदलीबाबत एक परिपत्रक काढलं होतं. त्याला आव्हान दिलं वकिलांनी, त्यात इकबाल छागला आणि मुंबई उच्च न्यायालयातले इतर वकील होते. आक्षेप तोच, की यात तुमचं काय नुकसान? न्यायमूर्ती भगवतींनी आक्षेप फेटाळला. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याशी वकिलांचा संबंध आहेच, असं सांगितलं. मूळ मागण्यांतलं वकिलांच्या पदरात फारसं पडलं नाही, पण दार उघडलं. जनहित याचिकेचा मोठा रस्ता त्याच दारातून गेला.

युरोपीय कोर्टाचा तर्क चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. सगळ्यांना सगळ्या निर्णयांवर दावे लावता आले तर कामच अडेल, हे आपल्याकडच्या जनहित याचिकांनी दाखवलंय. पण मग ज्यांच्या निलंबनाबद्दल त्या अटी लिहिल्या गेल्या, त्यांनाही त्यावर बोलता येत नसेल तर बोलायचं कुणी, याचं उत्तर त्या निर्णयात मला सापडलं नाही.

तुलेया नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी कामावर परतले, दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांत त्यांच्यापुढे ज्यांचे खटले चालायचे होते, त्या माणसांचा मात्र या कागदपत्रांत कुठे उल्लेख नाही. न्यायाधीशाचं स्वातंत्र्य ही न्यायाधीशाची चैन नव्हे. उद्या आपली फाइल ज्याच्या टेबलावर जाणार, तो घाबरलेला नसावा, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्यापैकी कुणी मॅटमध्ये किंवा कॅटमध्ये दाद मागितली असेल, तर अनुभव जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.