घरी बांधलेली होडी आणि मामाचं कर्ज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची कल्पना होती की मी मुदत ठेवी नाहीतर वारसनोंद यावर बोलेन. बँकेतून निवृत्त झालेला माणूस दुसरं काय बोलणार! मी म्हणालो, घरी होडी बांधून दूरच्या समुद्रप्रवासाला जाणं, हा विषय. शेजारी बसलेले एक सभासद लगेच म्हणाले, "काहून बाप्पा, इथं नळाले पाणी नाही अन् तुम्ही समुद्राचं काढता?" खामगावकराला हा प्रश्न पडणारच. पण हा विषय मी शोधलेला नाही, तो आमच्या घरात चालत आला.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअर आहे, वय ४१. गावाबाहेर त्याच्या वडिलांची जागा आहे, तिथे पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये तीस फुटी कॅटामरान बांधायची, ट्रकने कोकणात न्यायची, आधी लक्षद्वीप आणि मग पुढे, असा त्याचा बेत. त्यासाठी नोकरी सोडणार, भविष्यनिर्वाह निधी काढणार आणि उरलेले सहा लाख मामाकडून घेणार. माझी बहीण रडली. सूनबाई काही बोलली नाही, ते मला जास्त लागलं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासले. हाही तपासा." मग मी तपासला. चार महिने वाचलं, लोकांना विचारलं.

कॅटामरान हा शब्द मुळात आपल्याकडचाच, तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. ओंडके दोरीने बांधून केलेला कोळ्यांचा तराफा तो कट्टुमरम. आज मात्र कॅटामरान म्हणतात ती दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर आडव्या तुळया टाकलेली. हिचा मूळ नमुना पॅसिफिकच्या बेटांवरच्या लोकांचा. आपल्या जुन्या मराठीत नदी उतरायला दोन होड्या किंवा भोपळे एकत्र बांधत, त्याला सांगड म्हणत. आपण रोज 'सांगड घालणे' म्हणतो, ते तिथलंच.

घरी बांधणाऱ्यांना ही जात आवडते त्याला कारण आहे. साध्या शिडाच्या होडीला तोल राखण्यासाठी खाली शिशाचं किंवा लोखंडाचं मोठं वजन लागतं. सांगडीला ते लागत नाही, रुंदीच तिला सावरते. ती उथळ पाण्यात जाते, वाऱ्यात फारशी कलत नाही. प्लायवूड, इपॉक्सी आणि फायबरग्लासचं कापड यांत सुताराचा हात असलेला माणूस ती बांधू शकतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या जेम्स व्हॅरम यांनी अशी साडेतेवीस फुटी 'तांगारोआ' स्वतः बांधली, १९५५ मध्ये दोन जर्मन तरुणींना सोबत घेऊन निघाले आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोचले. तिथे त्यांनी चाळीस फुटी 'रोंगो' बांधली आणि १९५९ मध्ये तिच्यातून अटलांटिक उलट दिशेने पार केला. पुढे ते घरी बांधणाऱ्यांसाठी नकाशे विकू लागले. त्यांच्या होड्यांच्या तुळया बोल्टने आवळत नाहीत, दोरीने बांधतात. त्यामुळे सांधा लाटेबरोबर थोडा हलतो, तुटत नाही. आणि दोन्ही अंगं सुटी करून ट्रकवर नेता येतात. हे महत्त्वाचं, कारण जोडलेली तीस फुटी सांगड साधारण पंधरा फूट रुंद होते. आपल्या सोसायटीच्या गेटमधून पाण्याचा टँकर वळवताना काय होतं ते आपण पाहतोच.

आता प्रस्तावाची दुसरी बाजू. सांगड एकदा उलटली की उलटीच राहते, खाली वजन नसल्यामुळे आपोआप सरळ होत नाही. सामान जास्त भरलं की तिचा सगळा गुण जातो. इपॉक्सी उन्हात लवकर घट्ट होतं, त्यामुळे आपल्या मे महिन्यात कालवलेलं मिश्रण डब्यातच दगड होईल, काम पहाटे करावं लागेल. आणि अंग तयार झालं की लोकांना वाटतं होडी झाली. खरा खर्च पुढे असतो. डोलकाठी, शिडं, दोर, इंजिन, नांगर, वायरिंग. आपली इमारत आठवा. स्लॅब पडल्यावर आपण पेढे वाटले होते, आणि त्यानंतरचे हप्ते किती भरले ते जुन्या सभासदांना विचारा.

पण माझा निर्णय झाला तो यावर नाही. तो झाला १९६८ च्या एका शर्यतीची हकीकत वाचून. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकाने. ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची बत्तीस फुटी 'सुहैली' आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, आपल्या सुतारांनी. १४ जून १९६८ ला निघाले, २२ एप्रिल १९६९ ला परतले.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे गृहस्थ होते. बायको, चार मुलं, डबघाईला आलेला छोटा धंदा. तीन अंगांची होडी बांधायला त्यांनी एका व्यावसायिकाकडून पैसे घेतले. करार असा, की प्रदक्षिणा झाली नाही तर होडी क्रोहर्स्ट यांनीच विकत घ्यायची. म्हणजे परत फिरले तर घरदार गेलं. होडी अपुरी असताना, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला ते निघाले. थोड्याच दिवसांत त्यांना कळलं की ही होडी दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. मग ते अटलांटिकमध्येच घुटमळत राहिले आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवू लागले. १० जुलै १९६९ ला होडी सापडली, आत माणूस नव्हता. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

मी ते दोनदा वाचलं. एखादा माणूस म्हणेल वेड लागलं होतं. मी बँकेतला माणूस, मला तो करार दिसतो. कर्ज देताना आपण तारण बघतो, हमीदार बघतो. घेणाऱ्याला मधेच थांबायची वाट ठेवली आहे का, हे कोणी बघत नाही. शेतीकर्जाच्या टेबलावर मी अशी माणसं पाहिली आहेत. विहिरीला पाणी लागत नाही हे कळूनही खोदत राहणारी, कारण हप्ता सुरू झालेला असतो.

आणि घाई नसेल तर काय होतं तेही बघा. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहत. तिथूनही समुद्र दिसत नाही, हे आमच्या सभासदांनी लक्षात घ्यावं! होडी विकत आणली नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन्न फुटी 'म्हादेई' बांधली, आणि दोंदे स्वतः त्या बांधकामात राहिले. ही एका अंगाची होडी आहे, सांगड नव्हे, पण मुद्दा तोच. कुठला पाइप कुठून जातो हे माणसाला माहीत हवं, कारण भर समुद्रात मिस्त्री येत नाही. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले. चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. प्रवास नऊ महिन्यांचा, त्याआधीची तयारी तीन वर्षांहून जास्त.

तर भाच्याला मी सांगितलं ते असं. कर्ज एक रुपयाही देणार नाही. पन्नास हजार देतो, ते परत मागणार नाही, त्यात आधी बारा फुटी होडी बांध. नोकरी सोडायची नाही, भविष्यनिर्वाह निधीला हात लावायचा नाही. ती छोटी होडी घेऊन कोकणात शीड शिकायला दोन मोसम जा, सूनबाईला घेऊन. त्यानंतरही मन तेच म्हणालं तर मोठीचे नकाशे माझ्या पैशाने. आणि कोणत्याही दिवशी 'मामा, नको' म्हणालास तर घरात कोणी एक शब्द विचारणार नाही, हे मी तुझ्या आईकडून वदवून घेतलंय.

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी प्लायवूडचे भाव विचारायला फोन आला. परवा सूनबाईने शेडमधला फोटो पाठवला. सात फळ्या कापून झाल्यात, आणि खाली तिने लिहिलंय, पॉलिश पेपर मी मारला.

जाता जाता एक सूचना. दांडेकरांनीच नौदलासाठी बांधलेलं 'कौंडिण्य' नावाचं जहाज २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. त्याचा नमुना घेतला तो अजिंठ्याच्या एका चित्रावरून, आणि अजिंठा आपल्या शेजारी आहे. डिसेंबरच्या सहलीसाठी समिती ठिकाण शोधतेच आहे, तर तिथे जाऊ आणि ते जहाज पाहू. सकाळी लवकर निघालो तर रात्री घरी. फक्त सोमवार सोडून तारीख ठरवा, लेणी त्या दिवशी बंद असतात.