उतारवयांतील स्नायु आणि कंडरा

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला गास नांवाचें गांव आहे. वसईच्या या पट्ट्यांतील वाड्यांमध्यें भाजीच्या वाफ्यापाशीं उकिडवें बसून खुरपणी करणारीं वृद्ध माणसें अजूनहि आढळतात. खुरपें बाजूस ठेवून जमिनीला हात न टेकतां उठणें हें अशा माणसांस नित्याचें असतें. शहरांतील एखाद्या सुखवस्तु गृहस्थास मात्र साठीतच आरामखुर्चीतून उठतांना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागतो. हा भेद केवळ प्रकृतीचा नव्हे.

स्नायु आखडतो आणि ओढ उत्पन्न करतो. ती ओढ हाडापर्यंत पोंचविते ती कंडरा, म्हणजे एक पांढरी चिवट दोरीच. परंतु ही दोरी ताणली जाते व पुन्हा पूर्ववत् होते, हें तिचें खरें वैशिष्ट्य. धांवतांना टांचेवरील कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तिच्यांत सांठलेल्या ऊर्जेपैकीं सुमारें ९० टक्के पाऊल उचलतांना परत मिळते. धांवपटूचे अर्धे श्रम असे फुकटांत होतात म्हणाना!

वय वाढूं लागलें म्हणजे स्नायु रोडावतात. त्यांतहि झटकन् आखडणारे तंतु अधिक क्षीण होतात. म्हणून वृद्धास पिशवी सावकाश उचलतां येते, पण ठेंच लागतांच दुसरा पाय चपळाईनें पुढें टाकतां येत नाहीं. तो पडतो, खुब्याचें हाड मोडतें, आणि पुष्कळदां तेथून अंथरूण धरतो.

मग हें अटळच समजावें काय? १९९० सालीं बोस्टन येथें नव्वदीच्या घरांतील १० वृद्धांस आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम देण्यांत आला. ज्या ९ जणांनीं तो पुरा केला, त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें. नव्वदाव्या वर्षींहि स्नायु शिकवणीस तयार असतो!

कंडरेची गोष्ट निराळी. १९५५ ते १९६३ या काळांतील अणुस्फोटांमुळें हवेंत किरणोत्सर्गी कार्बन वाढला होता. त्याच्या खुणेवरून डॅनिश शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, टांचेच्या कंडरेचा गाभा सतराव्या वर्षाच्या सुमारास घडून होतो व पुढें जवळजवळ बदलत नाहीं. नियमित भारानें ती उतारवयांतहि अधिक ताठ होते, पण स्नायूच्या मागें रेंगाळत. उत्साहाच्या भरांत एकदम धांवूं लागणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांची टांच धरते ती याचमुळें.

बारामतीच्या शर्यतीत वयाची साठी ओलांडलेल्या लता करे या शेतमजूर बाई नऊवारी नेसून अनवाणी धांवल्या आणि आपल्या गटांत पहिल्या आल्या. पतीच्या औषधोपचारासाठीं त्यांस पैसा हवा होता. हें दारिद्र्य कौतुकाचें नाहीं. पण त्यांच्या पायांस शिकवणी मिळाली ती जन्मभराच्या श्रमाची, हें उघड आहे.

आपल्या घरांत याच्या अगदीं उलट चालतें. सूनबाई मोठ्या प्रेमानें म्हणते, "मामंजी, तुम्ही बसा, मी आणतें." पाण्याचा तांब्या, वर्तमानपत्र, चष्मा, सारें हातांत मिळतें. महिन्यामागून महिने असे गेले म्हणजे उठण्याचें बळहि जातें, आणि दोष मात्र वयाला दिला जातो. आजारांत अंथरुणावर काढलेले दहा दिवस तर वृद्धास तरुणापेक्षां फारच महाग पडतात.

आरंभ लहानच असावा. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून हात न लावतां पांच वेळां उठावें व सावकाश बसावें. भिंतीचा आधार घेऊन टांचा उचलाव्या आणि तीन आंकडे मोजीत खालीं आणाव्या. उतरतांना आंवरून धरलेला भार कंडरेस मानवतो. हृदयविकार असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. पंधरा दिवसांनीं एखादी वेळ वाढवावी. दुसऱ्या दिवशीं टांच सकाळीं ताठरली, तर संख्या कमी करावी. पण व्यायाम अजीबात सोडूं नये.